गुरुत्वाकर्षण कुराणात नाही, आणि त्याने आपलं काहीही बिघडत नाही

दर काही महिन्यांनी एक व्हिडिओ मोबाइलवर फिरत येतो. मागे निळं आकाश, फिरणारी पृथ्वी, घुमणारा आवाज आणि एकच दावा: न्यूटनने जे १६८७ साली सांगितलं ते आमच्या किताबात चौदाशे वर्षांपूर्वीच आलेलं आहे. खाली ‘सुब्हानअल्लाह’चा पाऊस. पुढे पाठवणाऱ्यांत इंजिनिअर असतात, शिक्षक असतात, डॉक्टरही असतात. मी हा व्हिडिओ पुढे पाठवत नाही, म्हणून मला अधूनमधून विचारणा होते. त्या विचारणेला हे उत्तर आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. गुरुत्वाकर्षणाचा नियम कुराणात नाही. तो वेदात नाही आणि बायबलातही नाही. तो तिथे असायला हवा होता असंही नाही. तो तिथे आहे असं सांगणारे लोक धर्माची सेवा करत नाहीत आणि विज्ञानाचीही करत नाहीत. ते आपल्या मुलांचं नुकसान करतात. हे नुकसान हवेतलं नाही. ते मोजता येतं, आणि मोजायचंच असेल तर भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्दइतकी चांगली जागा दुसरी नाही.

नियम काय म्हणतो

आधी नियमच नीट समजून घेऊ, कारण व्हिडिओ करणाऱ्यांनी तेवढंही केलेलं नसतं. ‘वस्तू खाली पडते’ हा गुरुत्वाकर्षणाचा नियम नव्हे. वस्तू खाली पडते हे आदमच्या पहिल्या लेकरालाही ठाऊक असणार. न्यूटनने सांगितलं ते वेगळं होतं. जगातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला ओढते. ही ओढ दोघांच्या वस्तुमानाच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट झालं की ओढ चौथाई, तिप्पट झालं की नववा हिस्सा. आणि ही ओढ दोन्हीकडून सारखी असते. पृथ्वी फळाला जेवढ्या जोराने ओढते, नेमक्या तेवढ्याच जोराने फळ पृथ्वीला ओढतं. पृथ्वी अफाट जड असल्यामुळे ती हललेली दिसत नाही, एवढंच.

आता गोसीखुर्दला या. पवनीजवळ वैनगंगेवर बांधलेल्या या धरणात एकूण ११४६ दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. म्हणजे जवळजवळ ११५ कोटी टन. हे सगळं पाणी एका जागी गोळा झालंय असं धरा आणि तिथून दहा किलोमीटरवर साठ किलो वजनाचा एक माणूस उभा करा. एवढा मोठा जलाशय त्या माणसाला किती जोराने ओढेल? हिशेब करायला नियम पुरतो. उत्तर येतं पाच मिलिग्रॅम वजनाहूनही कमी. तांदळाच्या एका दाण्याचा सुमारे चौथा हिस्सा. धानाच्या जिल्ह्यात याहून सोपं माप मी शोधू शकत नाही.

ही ओढ आहे हे डोळ्यांनी कळणार नाही, अंगाला जाणवणार नाही. ती मोजायला १७९८ साल उजाडावं लागलं. तेव्हा हेन्री कॅव्हेंडिशने शिशाचे गोळे आणि पिळदार तारेला टांगलेला दांडा घेऊन बंद खोलीत दोन वस्तूंमधली ओढ मोजली. त्याच्याही आधी, १७७४ मध्ये, स्कॉटलंडमधल्या एका डोंगराशेजारी ओळंबा किती सरकतो हे नेव्हिल मॅस्केलिनने मोजलं होतं. गवंड्याच्या हातातला ओळंबा नेमका सरळ खाली लोंबतो असं आपण मानतो. शेजारी डोंगर असेल तर तो किंचित डोंगराकडे झुकतो.

याला म्हणतात नियम. त्यात आकडा टाकता येतो, उत्तर काढता येतं, आणि उत्तर चुकलं तर चुकलं असं दाखवता येतं. ज्या वाक्यातून आकडा निघत नाही ते वाक्य सुंदर असेल, पवित्र असेल, मनाला आधार देणारं असेल. पण तो गुरुत्वाकर्षणाचा नियम नसतो.

न दिसणारे खांब

व्हिडिओत साधारणपणे दोन आयती येतात. एक सूरह रअदमधली, जिथे अल्लाहने आकाश उंच उभारलं आणि त्याचे खांब तुम्हाला दिसत नाहीत, अशा आशयाचं विधान आहे. दुसरी सूरह मुर्सलातमधली, जिथे जमिनीसाठी ‘किफात’ हा शब्द आला आहे. पहिल्या आयतीतले न दिसणारे खांब म्हणजे गुरुत्वाकर्षण, आणि किफात म्हणजे ओढून घेणारी, असा अर्थ लावला जातो.

पहिल्या आयतीचं बघू. जुन्या मुफस्सिरांमध्येच दोन मतं आहेत. काहींच्या मते खांब आहेत पण दिसत नाहीत. काहींच्या मते खांब नाहीतच, आणि तुम्ही ते पाहताच आहात. अरबी वाक्यरचना दोन्ही अर्थ देते. शतकानुशतकं हा वाद चालला, पण त्यातल्या एकाही मोठ्या आलिमाने ‘म्हणजे ही ओढ अंतराच्या वर्गाने घटते’ असं म्हटलं नाही. कसं म्हणणार? त्या वाक्यात ते नाहीच.

दुसरं म्हणजे, खांब काय करतो? खालून वर रेटतो, पडू देत नाही. गुरुत्वाकर्षण याच्या बरोब्बर उलट आहे. ते ओढतं. ज्या चंद्रासाठी आपण दर ईदला छतावर चढतो, तो चंद्र कशावर टेकलेला नाही. तो सतत पृथ्वीकडे पडतो आहे. आडव्या दिशेलाही त्याला वेग आहे, म्हणून त्याचं पडणं पृथ्वीभोवती वळत राहतं आणि तो आपल्यावर येऊन आदळत नाही. न्यूटनचा खरा हिशेब इथेच होता. चंद्र पृथ्वीच्या त्रिज्येच्या साठपट अंतरावर आहे, तेव्हा तिथली ओढ इथल्या ओढीच्या साठ गुणिले साठ, म्हणजे ३६०० वा हिस्सा असायला हवी. झाडावरून सुटलेलं फळ पहिल्या सेकंदात जेवढं पडतं, तेवढं पडायला चंद्राला एक मिनिट लागायला हवं. मोजलं तर तसंच निघालं. या हिशेबात खांबाला जागा कुठे आहे?

‘किफात’चा अर्थ जुन्या तफसीरमध्ये सामावून घेणारी असा आहे. पुढच्याच आयतीत जिवंतांचा आणि मेलेल्यांचा उल्लेख येतो. जमीन जिवंतांना पाठीवर आणि मेलेल्यांना पोटात सामावते. किती खोल गोष्ट आहे ही! कब्रस्तानात माती देताना आठवावी अशी. तिचं भौतिकशास्त्राचं पान करून आपण तिच्यात काय भर घातली?

आणखी एक अडचण आहे, ती व्हिडिओवाल्यांच्या ध्यानीही येत नाही. न्यूटनचा नियम हा शेवटचा शब्द नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने सांगितलं की गुरुत्वाकर्षण ही ओढ नव्हेच. वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ वाकतात आणि वस्तू त्या वाकलेल्या वाटेने जातात. आता खांबांचं काय करायचं? न्यूटनसाठी लावलेला अर्थ मागे घ्यायचा आणि आइन्स्टाइनसाठी नवा लावायचा? उद्या आइन्स्टाइनही सुधारला गेला तर पुन्हा नवा? विज्ञान आपलं मत बदलतं, हीच त्याची ताकद आहे. अल्लाहचं वचन अशा बदलत्या गोष्टीला बांधून ठेवणारा माणूस आपल्या श्रद्धेची किल्ली परक्याच्या खिशात ठेवतो.

हे मी एकटा म्हणत नाही

‘तुम्ही पुरोगामी लोक असंच बोलणार’ हे उत्तर मला पाठ आहे. म्हणून ज्यांना कुणी पुरोगामी म्हणणार नाही त्यांचीच नावं घेतो.

इमाम गझालींनी फलसफ्याविरुद्ध अख्खा ग्रंथ लिहिला. त्याच्या प्रस्तावनेत ते ग्रहणाचं उदाहरण घेतात. ग्रहण कसं लागतं याचा हिशेब गणिताने सिद्ध होतो. त्या हिशेबाला विरोध करणं म्हणजे धर्मकार्य असं ज्याला वाटतं तो धर्मावरच घाव घालतो, असा त्यांचा आशय आहे. चौदाव्या शतकात ग्रॅनाडाच्या इमाम शातिबींनी कुराणात सगळी शास्त्रं शोधणाऱ्यांना हटकलं. ज्या लोकांसमोर ते उतरलं त्यांना जे समजलंच नाही ते त्यात घुसवू नका, असं त्यांचं म्हणणं. आणि विसाव्या शतकात मौलाना अशरफ अली थानवी. आपल्याकडच्या कितीतरी घरांत लेकीला सासरी पाठवताना त्यांचं ‘बहिश्ती जेवर’ देतात. त्यांनीही कुराणातून सायन्स काढण्याच्या हौसेला चूक म्हटलं आहे. त्यांच्या लेखी कुराणाचा विषय हिदायत आहे, पदार्थविज्ञान नाही.

यांच्याही वर एक साक्ष आहे. सहीह मुस्लिममध्ये खजुराच्या परागीभवनाची हदीस आहे. मदिनेचे शेतकरी नर झाडाचा पराग मादी झाडाला हाताने लावत. प्रेषित मुहंमद (स.) यांनी ते न केलं तर चालेल असं सुचवलं, त्यांनी ते सोडलं, आणि पीक घटलं. तेव्हा प्रेषितांनी सांगितलं की तुमच्या दुनियेचे व्यवहार तुम्ही अधिक जाणता. ज्यांच्यावर कुराण उतरलं त्यांनी शेतीचं ज्ञान शेतकऱ्याकडे सोपवलं. आपण मात्र भौतिकशास्त्र तकरीर करणाऱ्याकडे सोपवून बसलो आहोत.

शेजारच्या घरातही तीच दुखणी

माझे हिंदू मित्र एव्हाना मान डोलवत असतील. त्यांनी जरा थांबावं. जानेवारी २०१९ मध्ये जालंधरला भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये एका वक्त्याने न्यूटन आणि आइन्स्टाइन दोघांनाही गुरुत्वाकर्षण कळलं नव्हतं असं सांगून टाकलं. ‘भास्कराचार्यांनी न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी शोध लावला’ हा मजकूर तर तुमच्या ग्रुपवर आमच्या व्हिडिओइतक्याच निष्ठेने फिरतो.

भास्कराचार्य फार मोठे गणिती होते. ११५० मध्ये त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिला. चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ उभारल्याचा शिलालेख आहे. पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे आणि आधार नसलेली जड वस्तू ती आपल्याकडे ओढते, असं त्यांनी लिहिलं. हे मोठंच आहे. त्यांच्याही पाचशे वर्षं आधी ब्रह्मगुप्ताने तशाच अर्थाचं लिहिलं होतं. पण दोघांच्याही विचारात ओढ पृथ्वीच्या अंगी आहे. फळही पृथ्वीला ओढतं हे तिथे नाही. चंद्राचा हिशेब नाही, अंतराचा वर्ग नाही. जे आहे त्याचा अभिमान धरा, जे नाही ते चिकटवू नका. हे मी तुम्हाला सांगू शकतो, कारण तेच मी आधी माझ्या माणसांना सांगितलं आहे.

आणि ब्रह्मगुप्ताचा तो विचार अरबीत कुणी नोंदवला? अल-बिरुनीने. १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावर लिहिलेल्या ग्रंथात. पाण्याचा स्वभाव जसा वाहणं तसा पृथ्वीचा स्वभाव वस्तूंना धरून ठेवणं, हा ब्रह्मगुप्ताचा दाखला एक मुसलमान विद्वान संस्कृत शिकून, पंडितांशी बसून, आदराने आपल्या भाषेत नेतो. हे आमच्या किताबात आधीच होतं, असं तो म्हणत नाही. ज्याचं त्याला देतो. आपला वारसा हा आहे.

खरा अभिमान कशाचा

आमच्या पोरांना अभिमान लागतो हे मला कळतं. ज्यांना रोज टीव्हीवर मागासलेले म्हणून दाखवलं जातं, त्यांना कुठेतरी ताठ उभं राहायला जागा हवी असते. पण खोटी जागा पायाखालून सरकते. खऱ्या जागा आहेत की!

अल-खाजिनी. मर्वच्या दरबारात गुलाम म्हणून आलेला, मूळचा ग्रीक वंशाचा. ११२१ च्या सुमारास त्याने ‘मीझान अल-हिक्मा’, म्हणजे शहाणपणाचा तराजू, हा ग्रंथ लिहिला. त्यात धातू, रत्नं, द्रव यांची विशिष्ट घनता अशी दिली की आजच्या आकड्यांशेजारी ठेवली तर लाज वाटत नाही. वस्तूचं वजन जगाच्या केंद्रापासूनच्या अंतरावर अवलंबून असतं, असाही त्याने विचार केला. त्याने मांडलेला तो संबंध आजच्या नियमाशी जुळत नाही. पण त्याने तो आयतीतून काढला नव्हता. तराजू घेऊन बसला होता. चूक दुरुस्त होण्याची वाट त्याने उघडी ठेवली.

इब्न अल-हैसम. गोसीखुर्दच्या संदर्भात हा माणूस मला सारखा आठवतो. बसऱ्याचा हा विद्वान म्हणाला होता म्हणे की नाईलचं पाणी मला नियमात आणता येईल. कैरोच्या फातिमी खलिफा अल-हाकिमने बोलावलं, माणसं दिली, पैसा दिला. इब्न अल-हैसम नदीच्या काठाने वर अस्वानपर्यंत गेला, जमीन पाहिली, पाण्याचा उतार पाहिला आणि परत येऊन म्हणाला, होणार नाही. लहरी खलिफाच्या धाकाने त्याला वेडाचं सोंग घ्यावं लागलं आणि १०२१ मध्ये खलिफा मरेपर्यंत ते वठवावं लागलं, असं चरित्रकार सांगतात. हजार वर्षांपूर्वीचा एक मुसलमान अभियंता राजाला सांगतो की कागदावरचं जमिनीवर उतरत नाही. आपल्या काळातल्या किती अभियंत्यांनी मंत्र्याला हे सांगितलं?

तिसरं नाव विदर्भाच्या वाटेवरचं. हिंदुस्थानच्या मोजणीचं महाकाम सुरू करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. गोसीखुर्दपासून शंभर किलोमीटरच्या आत. त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टने काम पुढे नेलं. त्या मोजणीची नाजूक यंत्रं सांभाळणारा, दुरुस्त करणारा माणूस होता अर्काटचा सय्यद मीर मोहसिन हुसेन. मद्रासमध्ये घड्याळं दुरुस्त करणारा कारागीर. पुढे हेन्री बॅरो या इंग्रज यंत्रकाराच्या जागी त्याची नेमणूक झाली. याच मोजणीत एक पेच आला. कल्याणपूर आणि कलियाना या दोन ठाण्यांमधलं अंतर जमिनीवरून मोजलं तर एक, ताऱ्यांवरून मोजलं तर दुसरं. फरक ५.२३६ सेकंद कोनाचा. हिमालय आपल्याकडे ओळंबा ओढतो, म्हणून हा फरक, असं धरून १८५५ मध्ये कलकत्त्याच्या आर्चडिकन प्रॅटने हिशेब केला. तर ओढ याहून तिपटीने जास्त असायला हवी होती असं निघालं. त्यातूनच डोंगराखालचा पृथ्वीचा थर हलका असतो हा विचार पुढे आला. प्रॅट ख्रिस्ती पाद्री होता. त्याने उत्तर बायबलात शोधलं नाही. मोहसिन हुसेनच्या हाताखालून गेलेल्या यंत्रांच्या आकड्यांत शोधलं.

आपल्या किती मुलांना मोहसिन हुसेनचं नाव ठाऊक आहे? त्याच्यावर व्हिडिओ का फिरत नाही? कारण त्याचा अभिमान धरायचा तर स्क्रू, भिंग आणि त्रिकोणमिती शिकावी लागते. आयतीचा स्क्रीनशॉट फुकट मिळतो.

उतार कुणाचं ऐकत नाही

आता गोसीखुर्दकडे परत. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते या प्रकल्पाचं भूमिपूजन झालं. १९८३ चा मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता. तो अठरा हजार कोटींच्या पुढे गेला. उद्दिष्ट २,५०,८०० हेक्टर सिंचनाचं. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली ऐंशीहून अधिक गावं बुडीत क्षेत्राच्या तडाख्यात आली. भूमिपूजनाच्या वेळी जन्मलेल्या मुलाची मुलं आता शाळेत जातात, आणि शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचण्याची वाट अजून पाहिली जाते आहे.

हे धरण म्हणजे गुरुत्वाकर्षणाशी केलेला करार आहे. वैनगंगा खाली जाते कारण पृथ्वी तिला ओढते. आपण भिंत घालून तिला अडवतो आणि मग हळूहळू, आपल्याला हव्या त्या वाटेने खाली सोडतो. उजवा कालवा जवळपास शंभर किलोमीटर जाऊन चंद्रपूर जिल्ह्यातल्या आसोलामेंढा तलावाला मिळतो. असा कालवा किलोमीटरमागे काही सेंटिमीटरच उतरतो. तेवढाच उतार. जास्त दिला तर माती खरवडली जाते, कमी दिला तर गाळ बसतो. कुठे दोन वीत चुकलं की पाणी तिथेच थबकतं. मंत्रालयातला आदेश त्याला पुढे ढकलू शकत नाही. याच कालव्यांचं अस्तरीकरण निकृष्ट निघालं, चौकशी समित्या बसल्या, गुन्हे दाखल झाले. पाण्याने आधीच निकाल दिला होता. ते भेगांतून झिरपून गेलं होतं.

ज्या शेतांना हे प्रवाही पाणी मिळत नाही तिथे उपसा. टेकेपार, आंभोरा, नेरला, मोखाबर्डी. एक हजार घनमीटर पाणी तीस मीटर वर चढवायचं तर पंपाची सगळी गळती सोडूनही किमान ८२ युनिट वीज लागते. ही किंमत गुरुत्वाकर्षण वसूल करतं, आणि ते सवलत देत नाही. बिल थकलं की पंप बंद, पंप बंद की पाणी बंद.

आणि नागपूर. ते समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर. गोसीखुर्दच्या जलाशयाची पूर्ण पातळी २४५.५ मीटर. मधल्या उतारावरून नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये, कन्हानमधून वैनगंगेत आणि तिथून या जलाशयात येतं. वरच्याची घाण खालच्याच्या ताटात. नदीकाठच्या गावाने तक्रार केली म्हणून उतार उलटा होत नाही. घाण वरच अडवावी लागते.

याच मुलखात कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून शेकडो तलाव बांधले. आज त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव म्हणतात. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळींच्या नावाने सांगितला जातो. त्यांनी न्यूटन वाचला नव्हता. पण उतार वाचला होता, आणि कुठल्या पोथीत त्याचा उल्लेख आहे हे विचारत ते बसले नाहीत. इल्म म्हणजे हेच.

तकदीर आणि हिशेब

इथवर वाचून कुणी म्हणेल, एका व्हिडिओवर एवढा राग कशाला? श्रद्धा वाढत असेल तर वाढू द्या. म्हणून आता नुकसानीचं सांगतो.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला. शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं, वैनगंगा फुगली आणि भंडारा शहरासह नदीकाठची गावं पाण्यात गेली. पुढे चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंत. घरं गेली, धान गेलं. शेवटच्या घटकेपर्यंत आम्हाला कळलंच नाही, ही तक्रार काठाकाठाने ऐकू येत होती. आणि त्याबरोबर आणखी एक वाक्य: अल्लाहची मर्जी. हिंदू घरांत तेच ‘देवाची करणी’ म्हणून.

पाऊस ही अल्लाहची मर्जी म्हणा, माझी हरकत नाही. पण वरच्या धरणातून सुटलेलं पाणी भंडाऱ्याला किती तासांनी पोचणार, कुठल्या पातळीपर्यंत चढणार, कुठल्या मोहल्ल्यात शिरणार, हे गणित आहे. उतार माहीत आहे, पात्राची रुंदी माहीत आहे, सोडलेलं पाणी मोजलेलं आहे. गुरुत्वाकर्षण लहरी नसतं. ते आज एका जोराने आणि उद्या दुसऱ्या जोराने ओढत नाही. म्हणूनच पूर येण्याआधी सांगता येतो. जे आधी सांगता येतं ते सांगितलं गेलं नाही, तर ती तकदीर नव्हे. ती कुणाची तरी कसूर आहे. आणि ज्या समाजाला नियम म्हणजे स्तुतीचा विषय असं शिकवलं जातं, हिशेबाचा विषय असं शिकवलं जात नाही, तो समाज ही कसूर कधीच पकडू शकत नाही. तो सब्र करतो. निकृष्ट कालव्यावर सब्र, पुरावर सब्र, नाग नदीच्या काळ्या पाण्यावर सब्र. असा सब्र सत्तेला फार आवडतो.

प्रेषितांचा लहानगा मुलगा इब्राहिम वारला त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, आकाशसुद्धा दुःखात बुडालं. त्या घटकेला, मुलाला माती देऊन आलेल्या बापाने काय सांगावं? सूर्य आणि चंद्र ही अल्लाहच्या निशाण्यांपैकी आहेत. कुणाच्या मरणाने किंवा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही. आपल्या बाजूने फिरलेला चमत्कार त्यांनी नाकारला. ज्यांनी स्वतःच्या मुलाच्या मृत्यूचा चमत्कार होऊ दिला नाही, त्यांच्या नावाने आपण रोज चमत्कार तयार करून मोबाइलवर पाठवतो.

‘पण आजच्या काळात, चारी बाजूंनी मार बसत असताना, आपल्याच लोकांना बोल लावायचे?’ हा प्रश्न प्रामाणिक आहे. माझं उत्तर: मार बसत असताना तर नक्कीच. आपल्यावर खोटे आरोप होतात तेव्हा आपण पुरावा मागतो. पुरावा मागण्याची सवय घरात नसेल तर ती बाहेर कुठून येणार?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी प्रयोगशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली, २६०० कोटी रुपयांची. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत पहिली लहर पकडली, प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याहून लहान हालचाल मोजून. त्या शोधामागच्या गणितात पुण्याच्या आयुकामधल्या संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे. आता हे यंत्र मराठवाड्यात येतंय, जिथे प्रत्येक तालुक्यात आपली वस्ती आहे, मदरसे आहेत, उर्दू शाळा आहेत. तिथे गवंडी लागतील, वेल्डर लागतील, निर्वात नळ्या जोडणारे लागतील, लेझर जुळवणारे आणि आकडे वाचणारे लागतील. गुरुत्वाकर्षण कुठल्या सूरहमध्ये आहे हे तिथे कुणी विचारणार नाही. मीर मोहसिन हुसेनला जे विचारलं होतं तेच विचारतील: हे यंत्र तुला दुरुस्त करता येतं का?

म्हणून मागणी साधी आहे. जुम्याच्या तकरीरमध्ये विज्ञान आणायचंच असेल तर त्या दिवशीचा विसर्ग सांगा. वैनगंगेच्या काठावर, भंडाऱ्यात, पवनीत, जिथे जिथे मशिदीवर भोंगा आहे, तिथे पावसाळ्यात वरच्या धरणातून किती पाणी सुटलं आणि ते इथे किती वाजेपर्यंत पोचेल हे अजाननंतर दोन वाक्यांत सांगता येईल. देवळाच्या भोंग्यावरूनही सांगता येईल. एखाद्या रात्री त्या दोन वाक्यांनी एक म्हातारी, दोन बकऱ्या आणि दहा पोती धान वाचलं, तर त्या दिवशी दीनचीही सेवा झाली आणि विज्ञानाचीही. व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्यांना माझं हेच सांगणं आहे: पाठवायचंच असेल तर पाण्याची पातळी पाठवा.